घरच्या कपड्यांना खूण नसते

इस्त्रीताईंचं खरं नाव हॉस्पिटलात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आपल्याला ते ठाऊक नाही हेही कुणाच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. एकोणीस वर्षं त्या या पाच मजली इमारतीत केबली टाकत होत्या, संगणक एकमेकांना जोडून देत होत्या आणि कुठे काही अडलं की वरून खाली, खालून वर जिने चढत-उतरत होत्या. लिफ्ट रुग्णांसाठी असते, असं त्या सगळ्यांना ऐकवत. खरं कारण वेगळंच होतं. एकदा त्या पाऊण तास लिफ्टमध्ये अडकल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांचं आणि लिफ्टचं बोलणं बंद होतं.

टोपणनाव कुणी पाडलं ते आता सांगता येणार नाही, पण का पाडलं ते तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीचं दार उघडलं की समोरच दिसे. अशा खोलीत एरवी केबलींचा गुंता असतो, हात घालायचा धीर होत नाही. इथे प्रत्येक केबल सरळ, आणि जास्तीची लांबी अशी घडी घालून बांधलेली, की वाटावं आताच इस्त्री फिरवून ठेवली आहे. हिरवी केबल औषधांच्या दुकानाची, पिवळी एक्स-रेची, लाल अतिदक्षता विभागाची. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना कापडाची चिमुकली पट्टी आणि तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने लिहिलेला नंबर. नव्या माणसाने घाईघाईत एखादी केबल कोंबली तर ताई त्याला रागवत नसत. त्याच्यादेखत ती काढून, घडी घालून पुन्हा लावत, आणि तेवढ्यानेच तो बिचारा पुढचे दोन महिने त्यांच्या नजरेला नजर देत नसे.

फक्त लॅबची केबल पांढरी होती आणि तिला पट्टी नव्हती. हॉस्पिटलात सगळ्यात आधी संगणक आले ते लॅबमध्ये, तेव्हा दुसरं काही नव्हतंच. मग एकेक विभाग येत गेला, एकेक रंग आणि एकेक नंबर चढत गेला, आणि लॅब मात्र तशीच राहिली. कुणी विचारलं तर ताई म्हणत, तिला कशाला पाटी, ती पहिल्यापासूनची आहे.

हे खुणांचं वेड आलं माहेराहून. वडिलांची लॉन्ड्री होती. पुढच्या खोलीत इस्त्रीचं लांब टेबल, मागच्या खोलीत सिमेंटचा हौद आणि धुण्याचं एक अवाढव्य यंत्र. वडील त्या यंत्राला 'साहेब' म्हणत, कारण ते फक्त मर्जी असली तरच काम करी. चाळीस घरांचे कपडे एका वेळी त्याच्या पोटात जात. प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीवर खूण असे. ठिपका म्हणजे कोपऱ्यावरचे डॉक्टर, दोन रेघा म्हणजे समोरच्या शिक्षिका, त्रिकोण म्हणजे एक वकील, जे दर वेळी आपला एक मोजा कमी आहे असं म्हणत आणि दर वेळी तो त्यांच्याच घरी सापडे. सगळे कपडे एकाच पाण्यात घुसळून निघत आणि वाळले की खुणा बघून आपापल्या गाठोड्यात जात. आठ वर्षांच्या असल्यापासून हे वाटप ताईंकडे होतं. घरच्या कपड्यांना मात्र खूण नसे. वडिलांचा नियम साधा होता, ज्याला खूण नाही ते आपलं.

एका वर्षी पलीकडच्या रस्त्यावरच्या लॉन्ड्रीचं यंत्र बिघडलं. वडिलांनी मोठ्या मनाने सांगितलं, आमच्या साहेबात टाका. आठवडाभर दोन्ही दुकानांचं धुणं एकत्र निघालं. गिऱ्हाइकांचा एक रुमालसुद्धा इकडचा तिकडे झाला नाही. गेला तो आईचा मोरपंखी स्वेटर. तिच्या आईने डोळे अधू झालेले असताना विणलेला, शेवटचा. आणि त्याच्या बदल्यात घरात एक भलामोठा चौकड्यांचा टेबलक्लॉथ येऊन पडला, जो कुठल्याच टेबलाला बसेना. भांडायचं तरी कुणाशी, चोरी कुणी केलीच नव्हती. पलीकडच्या दुकानाचा नियमही तोच निघाला, ज्याला खूण नाही ते आपलं. त्यांनी स्वेटर आपला समजून परगावच्या नणंदेला देऊन टाकला होता. आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती लाल दोरा घेऊन बसली आणि घरातल्या प्रत्येक कपड्याला, अगदी पायपुसण्यालासुद्धा, तिने एकेक टाका घातला. वडील म्हणाले, एखाद्या दिवशी झोपेत मलाही टाका घालशील. त्यावर आईचं उत्तर, "तुम्हाला कोण नेतंय!"

एवढं सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या मुलीने पुढे तीच चूक करावी, याला काय म्हणायचं? पण माणूस घरातलं घरातच ठेवतो आणि कामाचं कामावर. ते एकत्र आणायला कधीकधी एकोणीस वर्षं लागतात.

हॉस्पिटलाशी ताईंचा संबंध आला तोही चादरींमुळे. तिथल्या चादरी वडिलांकडे धुवायला येत. पुढे हॉस्पिटलने स्वतःची यंत्रं घेतली, चादरी बंद झाल्या आणि वर्षभरात लॉन्ड्रीलाही कुलूप लागलं. शेवटचं गाठोडं पोचवायला ताई गेल्या, तेव्हा तिथे छताच्या पोकळीतून केबल ओढायचं काम चाललं होतं आणि आत शिरेल असं बारीक अंगाचं माणूस कुणी मिळत नव्हतं. ताई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या आणि अंगाने काडी. गाठोडं खाली ठेवलं, ओढणी कमरेला बांधली आणि शिडीवर चढल्या. पंधरा दिवसांचं काम म्हणून हजेरीपुस्तकात नोंद झाली, नावाशिवाय नुसतीच, 'केबल ओढण्यासाठी, तात्पुरती'. ती नोंद आजही तशीच होती.

मधल्या काळात केबल ओढणारीने सगळं शिकून घेतलं. यंत्रांसोबत येणारी जाडजूड पुस्तकं एरवी खोक्यातच सडतात. ताईंनी ती घरी नेली आणि शेजारी शब्दकोश ठेवून, पान पान करून वाचली. चष्म्याच्या दुकानात काम करणारा नवरा म्हणे की मी तुझ्याशी लग्न केलं तेव्हा तू कादंबऱ्या वाचायचीस. एका तारेतून अनेक विभागांची माहिती कशी पाठवतात, हे प्रकरण त्यांनी तीनदा वाचलं आणि तीनदा डोक्यावरून गेलं. चौथ्यांदा वाचताना त्या एकदम पुस्तक मिटून हसायला लागल्या. अरे, ही तर लॉन्ड्री आहे! सगळे एकाच पाण्यात, आणि प्रत्येकावर आपापली खूण. त्या दिवसापासून नेटवर्क त्यांना कधी अवघड वाटलं नाही.

हॉस्पिटलचंही त्यांच्यावाचून पान हलत नसे. तरीही त्यांच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं. पहिल्या वर्षी मागितलं तेव्हा कारकून म्हणाला, तात्पुरत्यांना देत नाहीत. दहाव्या वर्षी मागितलं तेव्हा अधीक्षकबाई हसून म्हणाल्या, तुम्हाला कशाला ओळखपत्र, तुम्ही तर घरच्या. ताईंना तेव्हा ते ऐकून बरंच वाटलं होतं. दारावरचा पहारेकरी त्यांना सलाम करी, डॉक्टर त्यांना चहाला थांबवत. घरच्या म्हटल्यावर आणखी काय हवं?

मग या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. जुने सर्व्हर काढून त्या जागी ब्लेड सर्व्हरची पेटी आणायचं ठरलं, आणि पुढच्या महिन्यापासून सगळं नेटवर्क एका बाहेरच्या कंपनीकडे चालवायला द्यायचं ठरलं. कंपनी हॉस्पिटलच्या माणसांनाच कामावर ठेवणार होती. त्यासाठी आस्थापना विभागाने पदांच्या नोंदवहीवरून यादी केली आणि ती फलकावर लावली. ताईंनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. त्यात केबलच्या गोदामाचा रखवालदार होता, जो गेलं वर्षभर रजेवर होता. ताई नव्हत्या.

त्या अधीक्षकबाईंकडे गेल्या. बाई वाईट नव्हत्या, फक्त नेहमी दोन फोनवर एकाच वेळी बोलत. फोनवर हात ठेवून त्या म्हणाल्या की काळजी करू नका, तुम्हाला कोण काढतंय, यादी सोमवारी कंपनीकडे जाईल, आधी रविवारचं ते पेटीचं काम नीट पार पाडा, मग बघू. आता 'मग बघू' म्हणजे काय ते ज्याने कधी कचेरीत खेटे घातले आहेत त्याला सांगायला नको. ताई जिना उतरून तळघरात आल्या आणि पहिल्यांदाच आपल्या त्या घडीदार केबलींकडे बघून त्यांना रडू आलं.

रविवारी सकाळी डबा भरताना आईने विचारलं, "यादीत नाव आहे का?"

आई आता ऐंशीच्या घरात होती आणि ताईंकडेच राहत होती. कान गेले होते, पण नेमका प्रश्न विचारायची खोड गेली नव्हती. ताईंनी डब्याचं झाकण दोनदा लावलं आणि उशीर होतोय म्हणून निघाल्या.

काम दहा ते एक या वेळात उरकायचं होतं. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद, त्यामुळे सगळ्या विभागांनी तीन तास कागदावर काम चालवायचं कबूल केलं होतं. एकपर्यंत सगळं चालू झालं नाही तर जुने सर्व्हर पुन्हा जोडायचे आणि पुढचं काम कंपनीने आपल्या माणसांकडून, आपल्या पद्धतीने करायचं, असं लेखी ठरलं होतं. म्हणजे ताईंना हात दाखवायला ही एकच संधी होती.

ब्लेडची पेटी कपाटात बसवून झाली होती. सोळा सर्व्हर, कपाटातल्या पुस्तकांसारखे उभे सरकवलेले. इतकी वर्षं प्रत्येक विभागाची केबल वेगळी आपल्या सर्व्हरपर्यंत जाई. आता पेटीतून दोनच तारा निघणार होत्या आणि मुख्य स्विचला, म्हणजे जिथे सगळ्या मजल्यांच्या केबली येऊन मिळतात त्या यंत्राला, भिडणार होत्या. चौदा विभागांची ये-जा त्या दोन सामायिक अपलिंकांतून. कोण कुणाचं हे ओळखायला माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर विभागाचा नंबर, म्हणजे टॅग. एका नंबरखालचा जो संसार, तो एक व्हीलॅन.

पेटीची बाजू कंपनीच्या इंजिनियरकडे होती आणि मुख्य स्विचची बाजू ताईंकडे. इंजिनियर तिशीतला, नीटनेटका, हातात कायम एक तक्ता आणि कानावर पेन. एकेक गोष्ट झाली की तो टिक करी आणि ती टिक थोडा वेळ प्रेमाने न्याहाळी. नर्सेसनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव टिकोजीराव ठेवलं होतं. स्वभावाने सरळ होता आणि ताईंना ताईच म्हणे. दोघांनी शुक्रवारी समोरासमोर बसून नंबर ताडून पाहिले होते. औषधं वीस, एक्स-रे तीस, अतिदक्षता चाळीस. लॅबचा नंबर एक, दोघांच्याही कागदावर. सगळं जुळलं होतं.

साडेदहाला जुन्या केबली निघाल्या, अकराला नव्या तारा लागल्या. दिवे हिरवे झाले. औषधांच्या दुकानातून फोन आला, चालू झालं. एक्स-रे चालू. अतिदक्षता चालू. टिकोजीराव टिका मारत सुटला. पावणेबारापर्यंत तेरा विभाग चालू झाले होते आणि ताईंना वाटायला लागलं होतं की डबा आज वेळेवर खाता येईल. तेवढ्यात लॅबमधून फोन आला.

लॅबच्या मुख्य बाई कधी आवाज चढवत नसत, आजही चढवला नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की त्यांचा एकही संगणक सर्व्हरला पोचत नाहीये, रक्ताच्या तपासण्यांचे निकाल त्या हाताने लिहून मजल्यामजल्यावर पाठवताहेत, आणि एकच्या पुढे हे त्यांना झेपणार नाही.

ताईंनी केबल तपासली, ती जिथे खुपसली होती तो पोर्ट तपासला. इंजिनियरने लॅबचा सर्व्हर बंद करून चालू केला. मग दोघांनी एकमेकांच्या कागदावर नजर टाकली. एकाचा एक, दुसऱ्याचाही एक. बारा वाजून दहा मिनिटांनी इंजिनियर हळूच म्हणाला की ताई, आता जुनं परत जोडायला घ्यावं लागेल, त्यालाही अर्धा तास लागेल. तो काही चुकीचं बोलत नव्हता. सोमवारी ती यादी जाणार, आणि रविवारी त्यांच्या हातून काम फसलं अशी नोंद तिच्यासोबत जाणार.

त्यांनी पाच मिनिटं मागून घेतली आणि लॅबला फोन लावून एक विचित्र प्रश्न विचारला. तुमच्या संगणकाला पत्ता मिळालाय का? मिळालाय, बाई म्हणाल्या. वाचा बघू. नेटवर्कमध्ये प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो, घराला असतो तसाच, आणि आपल्या व्हीलॅनमध्ये पत्ते वाटणारं जे यंत्र असतं ते तो देतं. लॅबच्या पत्त्यात तिसरा आकडा एक असायला हवा होता. बाईंनी वाचला तो नव्वद.

"नव्वद कुणाचा?" ताईंनी इंजिनियरला विचारलं.

नव्वद आमचा, तो म्हणाला. कंपनीची देखरेखीची जी व्यवस्था या पेटीत बसवली आहे तिचा. त्याला काही कळेना. लॅबच्या संगणकाला आमचा पत्ता कसा मिळाला?

ताई मात्र खुर्चीत टेकून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे चौकड्यांचा टेबलक्लॉथ आला होता. आपल्या घरात दुसऱ्याचं येऊन पडलंय, म्हणजे आपलं दुसऱ्याच्या घरी गेलंय. आणि चोरी तर कुणी केलेलीच नाही.

"तुमच्याकडे तारेवरून बिनटॅगचं काही आलं, तर ते कुणाचं समजता?"

"आमचं," तो म्हणाला. "प्रत्येक ठिकाणी आम्ही तसंच ठेवतो. देखरेखीला टॅग लावत नाही. का?"

"कारण माझ्याकडे बिनटॅगचं म्हणजे लॅबचं."

नंबर दोघांच्या कागदावर होता, पण ताईंच्या स्विचमधून लॅबची पुडकी बाहेर पडताना त्यांच्यावर तो लिहिलाच जात नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी लॅब एकटीच होती तेव्हा नंबर लिहायची गरज नव्हती, आणि नंतर ताईंनी तो मुद्दाम लिहिला नव्हता, पहिल्यापासूनची आहे म्हणून. ती बिनखुणेची पुडकी पेटीच्या दारात पोचली की पेटी म्हणे, हे आपलं, आणि देखरेखीच्या खोलीत नेऊन टाकी. देखरेखीचं बिनखुणेचं इकडे आलं की मुख्य स्विच म्हणे, हे आपलं, आणि ते लॅबच्या पदरात घाली. दोन लॉन्ड्र्या, एक यंत्र. ताडून पाहताना दोघांनी प्रत्येक खूण विचारली होती. बिनखुणेचं काय करता, हे मात्र कुणीच कुणाला विचारलं नव्हतं.

इंजिनियरचा जीव भांड्यात पडला. एकदम सोपं आहे म्हणाला, माझ्या बाजूला बिनटॅगचं ते लॅबचं असं सांगतो, एक टिक हलवली की झालं. बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. ताईंनाही तोंडात आलेलं 'हो' गिळणं जड गेलं.

"आज चालेल," त्या म्हणाल्या. "उद्या तिसरं कुणी येऊन या तारेला काही जोडेल, तेव्हा तुम्ही नसाल आणि कदाचित मीही नसेन. लॅबला नंबर लावू, देखरेखीलाही लावू. बिनखुणेचं कुणाचंच नाही, ते दारातच अडवायचं."

त्यासाठी दोन्ही बाजू बदलाव्या लागणार होत्या आणि मध्ये एखादी ओळ चुकली तर चालू असलेले तेरा विभागही बंद पडले असते. इंजिनियरने तक्त्याकडे पाहिलं. अशी ओळ त्यात नव्हती. मग त्याने कानावरचं पेन काढलं, तक्त्याच्या तळाशी स्वतःच्या अक्षरात ती ओळ लिहिली आणि पुढे टिकेसाठी एक चौकोन काढला. त्या चौकोनावरून ताईंना हा मनुष्य आवडला.

त्याने पेटीवर केलं, ताईंनी मुख्य स्विचवर. प्रत्येक ओळ एकाने मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने होकार दिल्यावरच पुढे जायचं. हे संपलं तेव्हा बारा चाळीस झाले होते. लॅबच्या संगणकांनी आता तो नव्वदचा पत्ता सोडून आपला घ्यायला हवा होता, म्हणजे वर जाऊन प्रत्येक संगणक बंद करून चालू करायचा. लॅब चौथ्या मजल्यावर. ताई जिन्याकडे धावल्या, पहिल्या पायरीवर थांबल्या, वळल्या आणि लिफ्टमध्ये शिरल्या. चौथा मजला येईपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. लिफ्टने त्या दिवशी काही खोडी काढली नाही.

लॅबमध्ये अधीक्षकबाई आधीच येऊन उभ्या होत्या, आणि चक्क एकही फोन कानाला नव्हता. ताईंनी त्यांच्याकडे न बघता पहिला संगणक बंद केला, चालू केला. पत्ता आला. तिसरा आकडा एक. दुसरा संगणक, तिसरा. कोपऱ्यातल्या छपाईयंत्राने घसा खाकरल्यासारखा आवाज काढला आणि सकाळपासून अडकलेले निकाल एकामागून एक बाहेर पडायला लागले. लॅबच्या बाईंनी पहिला कागद उचलला, हाताने लिहिलेल्या कागदाशी ताडून पाहिला आणि नुसती मान हलवली. मग त्यांनी सकाळपासून पहिल्यांदा खुर्ची ओढली आणि बसल्या. भिंतीवर एकला आठ मिनिटं कमी होती.

अधीक्षकबाईंनी काय झालं होतं ते विचारलं. इथे ताईंना सारवासारव करता आली असती. पेटी नवी, कंपनी नवी, त्यांच्यावर ढकललं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. पण त्यांनी सरळ सांगितलं. अर्धी चूक कंपनीची आणि अर्धी माझी, आणि माझी जास्त जुनी. लॅबला मी कधी खूणच लावली नव्हती. तेवढ्यात इंजिनियरही जिना चढून धापा टाकत आला होता. तो म्हणाला की शोधून काढलं ते ताईंनी, मी तर जुनं जोडायला निघालो होतो.

बाईंना पूर्ण कळलं की नाही कोण जाणे, पण त्या मनापासून खूश झाल्या. ताईंच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या की म्हणूनच मी म्हणते, तुमची आम्हाला काळजीच नाही, तुम्ही तर आमच्या घरच्याच.

एरवी ताई यावर हसल्या असत्या. आज त्यांना राग आला. एकोणीस वर्षं तो आत होता, आणि तो रागच आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मॅडम, लॅबसुद्धा घरचीच होती," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तिला नंबर नव्हता. दोन यंत्रं समोरासमोर आली आणि ती मधल्यामध्ये हरवली. पुढच्या महिन्यात तुम्हाला वाटेल मी कंपनीकडे आहे, आणि कंपनीला वाटेल मी तुमची आहे. मी कुणाच्याच यादीत नसेन. मला घरची म्हणू नका, मला नंबर द्या."

छपाईयंत्र थांबलं होतं. लॅबच्या बाई हातातल्या कागदांकडे बघत राहिल्या. अधीक्षकबाईंचा खांद्यावरचा हात अजून तिथेच होता, तो त्यांनी हळूच काढून घेतला. मग लॅबच्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, पेन मागून घेतलं आणि वर 'पद – नेटवर्क तंत्रज्ञ' असं लिहिलं. पेन तिथेच अडलं.

"तुमचं पूर्ण नाव काय?" त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांचा चेहरा उतरला.

ताईंनी नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, सगळं, एकेक अक्षर सावकाश. लॅबच्या बाई चकित होऊन म्हणाल्या की किती छान नाव आहे, आणि आम्ही मेले इस्त्री इस्त्री करत बसलो.

कागद सोमवारी यादीला जोडला गेला. त्यावर दोन सह्या कमी होत्या म्हणून परत आला, त्या घेऊन ताई स्वतः पाच टेबलं फिरल्या, कारण 'मग बघू' वर त्यांचा विश्वास उरला नव्हता. पाचव्या टेबलावरच्या कारकुनाला एक्स-रेची पिवळी केबल आणि लॅबची पांढरी केबल यांची गोष्ट ऐकावी लागली. ती ऐकून सुटका करून घ्यायला का होईना, त्याने सही केली. तळघरात लॅबच्या केबलीला त्याच आठवड्यात कापडी पट्टी लागली.

ओळखपत्र तीन आठवड्यांनी आलं. फोटोत ताई कुणावर तरी खटला भरायला निघाल्यासारख्या दिसत होत्या. नवऱ्याने ते चष्मा पुसून पुसून पाहिलं आणि म्हणाला की काच बदलूनही काही फरक पडत नाही. आईने ते हातात घेतलं, अगदी डोळ्यांजवळ नेलं आणि नाव बोटाने चाचपून वाचलं, पद वाचलं, खालचा नंबर वाचला. मग म्हणाली, ठेव इथे, देते सकाळी.

सकाळी डब्याशेजारी ओळखपत्र ठेवलेलं होतं. ताईंनी ते गळ्यात घातलं तेव्हा मानेला काहीतरी खडबडीत लागलं म्हणून त्यांनी निळी फीत उलटून पाहिली. आतल्या बाजूला, शिवणीपाशी, लाल दोऱ्याचा एक टाका होता, ऐंशी वर्षांच्या हाताने घातलेला, जरासा वाकडा. आई चहा गाळत होती. तिने वळून पाहिलं नाही.

"नवं आहे," ती म्हणाली. "तिथे सगळ्यांचं सारखंच असेल ना?"

ताईंनी फीत सरळ केली, टाका मानेच्या बाजूला आला आणि डबा उचलून त्या कामावर गेल्या.